हंगामी सेक्रेटरी

सोसायटीच्या इमारतीत चाळीस बिऱ्हाडं असली, तर त्यातली एकोणचाळीस फ्लॅटमध्ये राहतात आणि एक माणूस सोसायटीत राहतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना पाणी आलं की गेलं, एवढंच कळतं. सोसायटीत राहणाऱ्याला टाकीचा बॉलकॉक कधी बदलला, कितीला बदलला आणि त्यावेळी तिसऱ्या मजल्यावरच्यांनी तोंड कसं वाकडं केलं होतं, हे सगळं तोंडपाठ असतं. हा माणूस म्हणजे सेक्रेटरी. निवडणूक हा निव्वळ उपचार. सभा भरते, सगळे फरशीकडे बघत बसतात, आणि कुणीतरी म्हणतं, "तुम्हीच बघा आता काका." काका म्हणतात, "छे छे, आता तरुणांनी पुढे यायला पाहिजे." हे म्हणताना गच्चीच्या किल्लीवरची त्यांची मूठ मात्र जरासुद्धा सैल होत नाही.

असे एक काका सध्या मॉन्ट्रियालला मुलाकडे राहतात. डोंबिवलीतल्या त्यांच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट ठरलं. सभासदांनी भाड्याचे चेक घेतले, बिल्डरनं इमारत पाडली, आणि त्यानंतर त्या जागेवर एक खड्डा काय तो उभा राहिला. खड्ड्याला सेक्रेटरी लागत नाही. मुलगा म्हणाला, ताबा मिळेपर्यंत इकडे या. काका-काकू आले. एका बॅगेत दोघांचे कपडे, दुसरीत सोसायटीचं दप्तर. विमानतळावर कस्टमवाल्या बाईंनी दुसरी बॅग उघडायला लावली. लोणचं निघेल असा त्यांचा अंदाज असावा. निघाली इतिवृत्तं.

मुलाचं घर स्वतंत्र. वर कुणी राहत नाही, खाली कुणी राहत नाही. नळ गळला तर तो कुणाच्या बाथरूममधून गळतोय हा प्रश्नच उद्भवत नाही. जिना घरातल्या घरात, त्यामुळे तो कुणी झाडायचा यावर वाद नाही. नोटीस बोर्ड म्हणून काकांनी फ्रीजचं दार वापरून पाहिलं. सुनेनं त्यावरची पहिली नोटीस दुसऱ्या दिवशी वाणसामानाच्या यादीखाली दाबून टाकली. पहिल्या हिवाळ्यात काका खिडकीशी बसून असायचे. मोठा हिमवर्षाव झाला की मॉन्ट्रियालची पालिका रस्त्याकडेला नो पार्किंगच्या नारिंगी पाट्या खोचते, ठरल्या वेळी टोइंगची गाडी भोंगा वाजवत गल्लीतून फिरते, आणि ज्यांनी गाडी हलवली नाही त्यांची उचलून नेते. मागून बर्फ काढणारी यंत्रं आणि ट्रकांची रांग. भोंगा ऐकला की काका हातातला चहा ठेवून उठायचे. "बघ," मला म्हणायचे, "पार्किंगचं हे असं असायला पाहिजे. आम्ही वीस वर्षं नुसती पत्रं लिहिली." क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर लावणं कायद्यानं सक्तीचं आहे, हे कळलं तेव्हा त्यांना दाटून आलं. पण दुसऱ्याची शिस्त खिडकीतून बघून सेक्रेटरीचं पोट भरत नाही. माणूस दिवसेंदिवस वाळत चालला. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. "अरे, ह्यांना घर लागत नाही," काकू एकदा मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "जिना लागतो."

तो जिना शेवटी सापडला एका नदीवर.

मॉन्ट्रियालहून ४० नंबरच्या हायवेनं क्वेबेक शहराकडे निघालं की त्रुआ-रिव्हिएर ओलांडल्यावर सँत-आन-द-ला-पेराद नावाचं गाव लागतं. एरवी दोनेक हजार वस्तीचं. सँत-आन नदी इथं येऊन सेंट लॉरेन्सला मिळते. डिसेंबरात ही नदी गोठते आणि नाताळ उलटला की तिच्यावर दुसरं गाव वसतं. लाकडी केबिनींच्या रांगा, मध्ये रस्ते, रस्त्यांवर मोटारी, बर्फात रोवलेले विजेचे खांब, प्रत्येक छपरावर धुराडं. शेकडो केबिनी. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हे गाव नांदतं, मग उठतं. सगळा पसारा एका माशासाठी. पुलामों त्याचं नाव. कॉडच्या कुळातला, पण वीतभर. हनुवटीला एकच मिशी. अंडी घालायला तो सेंट लॉरेन्सच्या खाडीकडून वर येतो, कोट्यवधींच्या संख्येनं, आणि तेही ऐन थंडीत. त्याच्या रक्तात एक प्रथिन असतं, त्यामुळे पाणी गोठणबिंदूला टेकलं तरी रक्त गोठत नाही. १९३८ साली यूजीन मायो नावाचा इथला एक रहिवासी नदीवर बर्फाच्या लाद्या कापत होता. कापलेल्या भोकात त्याला हे मासे दिसले. तेव्हापासून ही जत्रा भरते आहे.

मी काका-काकूंना तिथं नेलं ते काकूंसाठी. काकू वेंगुर्ल्याच्या. मॉन्ट्रियालच्या सुपरमार्केटात फोमच्या तबकात गुंडाळलेला मासा बघून त्या दरवेळी मान फिरवायच्या, कुणी ओळखीचं माणूस आजारी दिसावं तशी. काका पुण्याकडचे, शाकाहारी, सोबतीला आले होते. पुलावर गाडी थांबवली. खाली ते सगळं रंगीत गाव पसरलेलं, निळा-पांढरा धूर, पलीकडे चर्चचे दोन मनोरे. पर्यटक फोटो काढत होते. काका कठड्याला टेकून बराच वेळ गप्प उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "ह्या खांबांचं मीटर कुणाच्या नावावर आहे?"

त्या क्षणी माणसाला धुगधुगी आली.

केबिन भाड्यानं मिळते. दिवसाची, संध्याकाळची, हवी तर रात्रभराची. या गावात मासेमारी चोवीस तास चालते. आत चुलीवजा लोखंडी शेगडी, बाकडी, एक टेबल. भिंतीच्या कडेनं जमिनीची फळी उचलली की खाली लांबट चर खणलेला असतो, बर्फ कापून थेट पाण्यापर्यंत. त्या चरावर आडव्या दांडीवरून ओळीनं दोरे सोडलेले. आमिषाला डुकराच्या काळजाचे बारके तुकडे. प्रत्येक दोऱ्याला एक आगकाडी अडकवलेली. काडी हलली की ओढायचं. गळ, दोरा, आमिष, लाकडं, सगळं केबिनवाला देतो. मासा निघाला की दार उघडून बाहेर बर्फावर टाकायचा. दोन-चार उड्या मारतो, आणि थोड्याच वेळात लाकडासारखा कडक. सगळ्या गल्लीत दारांबाहेर असे ढीग लागलेले असतात.

काकूंनी पदर खोचला, म्हणजे जॅकेटची चेन ओढली, आणि बाकड्यावर बसल्या. त्यानंतर त्या फारसं बोलल्या नाहीत. काळजाचा तुकडा कसा लावायचा हे दाखवायला केबिनवाल्या बाई आल्या होत्या. काकूंचा हात बघून दारातूनच परत गेल्या. पहिला मासा हातात आला तेव्हा काकूंनी तो उलटापालटा करून बघितला, पोट दाबलं, आणि "गाबोळी आसा" एवढंच म्हणाल्या. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आहे, तरी भरती-ओहोटीची ओढ सेंट लॉरेन्समधून इथवर पोचते. हे काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. काड्या एकदम थरथरायला लागल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "पाणी फिरला."

काका मात्र आत टेकलेच नाहीत. गल्ली बघून आले. केबिनींची तोंडं एका रेषेत आहेत का, दोन केबिनींत अंतर किती, गाड्या कुठं लावतात, राख कुठं टाकतात, सगळं त्यांनी चालून मोजलं. परत आले तेव्हा भुवयांवर बर्फ होतं आणि डोळ्यांत तेज. "तीन गोष्टी आहेत," खुर्ची ओढत ते म्हणाले. "एक, सामाईक जागेत अतिक्रमण आहे. दोन, लाकडांच्या वाटपाला धोरण नाही. तीन, इथं एकही नोटीस बोर्ड नाही." हा माणूस कित्येक महिन्यांनी सलग तीन वाक्यं बोलला होता.

त्या हिवाळ्यात आम्ही परत गेलो, आणि मग प्रत्येक हिवाळ्यात. गल्ली तीच, केबिन तीच. काकांनी शंभर पानी वही घातली. पहिल्या पानावर श्री, दुसऱ्यावर सभासदांची यादी. यादीतल्या कुणालाही आपण सभासद आहोत याचा पत्ता नव्हता. डावीकडे एक निवृत्त ट्रकचालक आणि त्याचे दोन मेहुणे. उजवीकडे शाळेतल्या शिक्षिकांचा एक गट, दरसाल त्याच आठवड्यात येणारा. समोर एक तरुण जोडपं आणि त्यांचा कुत्रा. काकांचं फ्रेंच 'बोंझूर'च्या पुढे जात नाही आणि ट्रकचालकाचं इंग्रजी हॉकीच्या बाहेर पडत नाही. पण ज्याला सामाईक भिंतीवर बोलायचं आहे त्याला भाषा आडवी येत नाही. काका आधी भिंत दाखवत, मग वही दाखवत, मग चेहरा गंभीर करत. ट्रकचालक मान डोलवी आणि एक घोट पुढे करी. काका घोट नाकारत आणि वहीत लिहीत: तत्त्वतः मान्यता.

पहिला मोठा प्रश्न माशांचाच निघाला. आमच्या दाराबाहेरचा काकूंचा ढीग आणि ट्रकचालकाचा ढीग वाढत वाढत एकमेकांत शिरले. कोणता मासा कुणाचा? ट्रकचालकाच्या हिशेबी प्रश्न सोपा होता: हवे तेवढे घ्या. पण फुकट देऊन टाकणं हा सेक्रेटरीच्या शब्दकोशात तोडगा नाही, ती पळवाट आहे. काकांनी झाडूच्या दांड्यानं बर्फावर हद्द आखली, दोन्ही बाजूंना दीड फूट सेटबॅक सोडला, आणि ढिगांची फेरमांडणी केली. शिक्षिका खिडकीतून बघत होत्या. अर्ध्या तासानं त्यांनीही आपल्या दारासमोर रेषा मारून घेतली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत रेषा होत्या आणि लोक मुद्दाम एकमेकांच्या हद्दीत मासा फेकून काकांना हाका मारत होते. काकांना ती थट्टा कळली की नाही, मला अजून सांगता येत नाही. प्रत्येक हाकेला ते गेले.

दुसरा प्रश्न बर्फाचा. रात्री थंडी वाढली की नदी आवाज करते. आधी लांब कुठंतरी ठो, मग एक कळ आपल्या पायाखालून सरकत पलीकडे गेल्यासारखी वाटते. इथल्या लोकांच्या मते हा चांगल्या, जाड बर्फाचा आवाज. काकांनी तो ऐकला आणि तडक स्ट्रक्चरल ऑडिटची मागणी केली. आपल्याकडे तीस वर्षं जुन्या इमारतीचं ऑडिट करून घ्यायला पालिकेच्या नोटिसांवर नोटिसा याव्या लागतात; इथली इमारत जेमतेम तीन आठवड्यांची होती. केबिनवाल्या बाई ऑगर घेऊन आल्या. आमच्यादेखत बर्फात भोक पाडलं, आत पट्टी सोडली, आकडा दाखवला आणि निघून गेल्या. बर्फ फूटभर जाड झाल्याशिवाय इथं भरल्या गाड्या आणत नाहीत. ते दीड फुटाच्या पुढे होतं. सुरुवातीला वरचं हिम सतत खरवडून काढतात, कारण हिमाची दुलई राहिली तर थंडी खाली पोचत नाही आणि बर्फ धरत नाही. सगळं ऑडिट दोन मिनिटांत. इंजिनिअरची फी नाही, अहवालाला तीन महिने नाहीत, 'दुरुस्ती सुचवली आहे' नाही. काका त्या भोकाशी वाकून उभे राहिले. "तिकडं आम्हाला कॉलम फोडून दाखवा म्हटलं तर आर्किटेक्ट रागावले होते," म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी सिंकिंग फंडाचा विषय मांडला, आणि गल्लीत पहिल्यांदाच पूर्ण एकमत झालं.

नोटिसा हा काकांचा खरा दागिना. पहिली मराठी-इंग्रजीत होती. नातवानं सांगितलं, आजोबा, इथं सगळं फ्रेंचमध्ये लागतं. तो फ्रेंच शाळेत जातो, इथल्या कायद्यानं बहुतेक परदेशी मुलांना जावंच लागतं. मग आजोबा मजकूर सांगत आणि नातू फ्रेंच करी. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' इथपासून सुरू होणारं अडीच ओळींचं वाक्य सातवीतला मुलगा 'फळी झाका' इतकं करून मोकळा होई. काकांना संशय येई. "एवढंच?" "हो." "विनंती कुठं आहे? अन्यथा कुठं आहे?" नातवानं शेवटी 'अन्यथा'साठी तीन उद्गारचिन्हं घालायची तडजोड केली. त्या नोटिसा शिक्षिकांनी काढून नेल्या, शाळेत लावायला म्हणून. काकांनी वहीत लिहिलं: नोटीस बजावणी पूर्ण.

गावाचा इतिहास त्यांनी आपल्या पद्धतीनं वाचला. ला पेरादला एक मोठी बाई होऊन गेली, मादलेन द व्हर्शेर. १६९२ मध्ये चौदा वर्षांची असताना तिनं इरोक्वा हल्ल्यात वडिलांचा किल्ला लढवला, ही गोष्ट कॅनडातलं प्रत्येक पोर शाळेत ऐकतं. काकांना त्या किल्ल्यात रस नाही. त्यांना रस आहे पुढच्या भागात, जो शाळेत फारसा शिकवत नाहीत. लग्न करून ती या गावची जहागीरदारीण झाली आणि मग आयुष्यभर कोर्टात लढली, कुळांशी, शेजाऱ्यांशी. १७३० साली शेजारच्या बातिस्काँच्या पाद्र्यावर तिनं बदनामीचा दावा लावला. निकाल विरुद्ध गेला, तर अपिलासाठी बाई जहाजात बसून फ्रान्सला गेली. "अटलांटिक ओलांडून!" काका सांगतात, आणि त्यांचा आवाज घोगरा होतो. "आमच्यातले ठाण्याला रजिस्ट्रारकडे चला म्हटलं तरी रविवार मागायचे." पुढे बाईनं पाद्र्याशी समेट केला, हे मी एकदा सांगितलं. काकांनी ते वाचलं होतं. "वय झालं असेल," म्हणाले.

रात्रपाळी हा आमचा सगळ्यात चांगला काळ. बाहेर उणे पंचवीस, आत शेगडी लाल, खिडकीच्या काचेवर पाण्याचे ओघळ. काकू घरून तांदळाचं पीठ, तिखट, हळद, आगळाची बाटली आणि बिडाचा तवा घेऊन येतात. इथली माणसं हा मासा पिठात घोळवून, खारवलेल्या डुकराच्या चरबीत परततात. काकूंनी ते एकदा चाखलं, "चव बरी आसा, पण धाडस नाय" असा निकाल दिला आणि आपला तवा ठेवला. तो वास लाकडी भिंतीच्या फटींतून गल्लीत गेला. आधी ट्रकचालक आला, मग मेहुणे, मग शिक्षिका, मग जोडपं, शेवटी कुत्रा. आठ जणांच्या केबिनीत सोळा माणसं. काकांनी घड्याळ बघितलं, डोकी मोजली, गणपूर्ती झाल्याचं जाहीर केलं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा सुरू केली. आपल्याकडे अर्धा तास थांबून, त्याच जागी तहकूब सभा घेऊनच काम चालवावं लागतं. उभ्या आयुष्यात गणपूर्ती झालेली ही त्यांची पहिली सभा. लोक कशासाठी आलेत हे सांगायचं काकूंच्या ओठांवर होतं, पण त्यांनी मासा परतला.

सभेत काकांनी लाकडांच्या वाटपाचा ठराव वाचला. मेहुण्यानं अकॉर्डिअन काढलं. काकांनी ते अनुमोदन धरलं. मध्येच रेल्वेपुलावरून मालगाडी गेली, लांबच लांब, आणि केबिन किंचित थरथरली. सगळे डोकी वर करून ऐकत राहिले. काकांनी सवयीनं घड्याळ बघितलं. डोंबिवलीचा माणूस कुठंही गेला तरी गाडी वेळेवर आहे का हे त्यालाच बघावं लागतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर ट्रॅक्टर येतात. खांब उपटले जातात, केबिनी घसरपट्टीवर ओढून काठावर नेऊन ठेवल्या जातात, चर तसेच उघडे पडून पुन्हा गोठतात. नदी मोकळी व्हायच्या आत एक खिळासुद्धा मागे ठेवायचा नसतो. मला वाटलं होतं, या दिवशी काकांना जपावं लागेल. उलट तेच सगळ्यांत खुशीत. काठावर उभं राहून ते एकेक केबिन वर चढताना वहीत टिक करत होते. "रिडेव्हलपमेंट म्हणतात ते हे," म्हणाले. "सगळी इमारत ठरल्या दिवशी खाली. पुढच्या वर्षी त्याच जागेवर नवी. एक्कावन्न टक्क्यांची संमती नको, एकोणऐंशी-अ नको, भाड्याचे चेक नको, कोर्ट नको. आणि प्रत्येकाला जुन्याच शेजाऱ्याच्या शेजारी जागा." डोंबिवलीच्या खड्ड्यात आदल्या पावसाळ्यात बदकं पोहत असल्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला होता. इथलं गाव तेवढ्या काळात कितीदा तरी पडलं आणि उभं राहिलं.

नदीचाही आता पूर्वीसारखा भरवसा राहिलेला नाही. हिवाळे सैल पडत चाललेत. डिसेंबरात पाऊस पडतो, बर्फ उशिरा धरतं, उद्घाटन पुढे ढकलावं लागतं. केबिनवाले रोज तापमान बघत काठावर थांबून असतात. त्या दिवसांत काकाही सकाळी उठल्या उठल्या ला पेरादचं तापमान बघतात, मग डोंबिवलीच्या बिल्डरचा मेसेज आला का ते बघतात. दोन्हीकडून ताबा लांबणीवर. फरक इतकाच, की नदी खोटी तारीख देत नाही. बर्फ धरलं की धरलं, नाही की नाही. काका बिल्डरला पाठवायच्या पत्रांत आता हे उदाहरण देतात. बिल्डर उत्तर देत नाही, पण पत्राला जावक क्रमांक पडतो.

आणि मग गेल्या हिवाळ्यात ते घडलं, ज्याची काका एवढी वर्षं वाट बघत होते. पहिली लेखी तक्रार आली.

केबिनवाल्या बाईच घेऊन आल्या. गल्लीत भाडेकरूंचं काही कुरबुरीचं निघालं की आता त्या सरळ 'वहीवाल्या मस्यू'कडे बोट दाखवतात. त्यांचाही वेळ वाचतो. तक्रार एका नव्या भाडेकरूची होती, चार ओळींची, सहीनिशी. नातवानं वाचली आणि तो हसू दाबायला खिडकीकडे वळला. शेजारच्या केबिनीतले एक वयस्कर गृहस्थ दिवसभर मोठ्या आवाजात बोलतात, दाराबाहेर सतत येरझारा घालतात, पायांच्या धपधपीनं मासे पळतात, तरी यावर कुणीतरी जबाबदार माणसानं कारवाई करावी.

आम्ही सगळे काकांकडे बघत होतो. काकूंनी दोरा ओढायचा थांबवला.

काकांनी कागद हातात घेतला. सही खरी आहे का बघितलं. तारीख बघितली. चष्मा पुसला. मग वही उघडली, कागदावर आवक क्रमांक एक टाकला, आणि खालच्या कोपऱ्यात पोच दिल्याची सही केली. "तक्रार गंभीर आहे," म्हणाले. त्या दुपारी त्यांनी स्वतःला कारणे दाखवा नोटीस काढली, स्वतःच ती घेतली आणि सात दिवसांच्या मुदतीत खुलासा दिला. खुलासा चार पानी होता. तो समाधानकारक नसल्याचा शेरा त्यांनीच मारला. तक्रारदाराला समक्ष सुनावणीला बोलावलं. तो आला, काकूंच्या तव्यावरचे सहा मासे खाल्ले आणि तक्रार मागे घ्यायला तयार झाला. काकांनी ती मागे घेऊ दिली नाही. एकदा दाखल झालेली तक्रार अशी परस्पर मागे घेता येत नाही, म्हणाले, उद्या कुणीही उठेल आणि मासे खाऊन जाईल.

प्रकरण अजून चालू आहे. ट्रॅक्टर आले त्या दिवशी काकांनी दोन्ही बाजूंचं, म्हणजे स्वतःचं, म्हणणं ऐकून घेतलं आणि पुढची तारीख दिली: बर्फ फूटभर जाड झाल्यावर, सकाळी अकरा वाजता.